टिंब

साडेदहाला भात उघडतं.
तासाभरासाठी, फार तर.
त्याआधी चिमटा, कात्री, बटरपेपरच्या पिशव्या
आणि पेन्सिल
(शाई या खाडीच्या वाऱ्यात टिकत नाही)
घेऊन मी बांधावर उकिडवी बसते,
निसवलेली लोंबी डाव्या तळहातावर.

वाफा सतरा.
उंची तीच, पान तेच, भुऱ्या रात्याचंच रक्त.
त्याच्यातला फक्त एक कारागीर आम्ही काढून घेतलाय:
प्रथिन तयार झालं की त्याच्या पाठीवर
दुसरं, चिमुकलं प्रथिन चिकटवणारा.
नवं काही घडवत नाही तो.
घडलेल्याला खूण करतो,
आणि खूण झालेलं वेगळं वागायला लागतं.

शाळेत बाई फळ्यावर लिहायच्या वश.
खडू वर एकदा टेकवायच्या.
वंश.
अक्षरं तीच. आवाज नाकात गेला, एवढंच.

पेशीत अशा चिठ्ठ्या पुष्कळ.
कुणाच्या पाठीला मोडीत काढायची साखळी,
पहाटे लावली की दुपारी तुकडे.
कुणाला फॉस्फेटचा चिमटा: ऊठ, मीठ आलं.

मीठ आलंही.
अश्विनातल्या उधाणाला उघाडी गेली,
रात्री दीडला खाडी वाफ्यांत शिरली.
सकाळी पानांवर पांढरी रेघ,
वाफा नऊमध्ये वीतभर जिताडा तडफडत.
तो धाकलीबायने पदरात घेतला. नोंद केली नाही मी.

हसुराम चिखलात कमरेइतका उभा.
"फली नवीच हाय," म्हणाला,
"बाहेरचा पानी दार लावतं, आतला पानी उघरतं.
मानूस लागत नाय. खीळ गेली बघ."
आणि तळहातावर दाखवली:
करंगळीएवढी, गंजून अर्धी.

राता चार दिवस टोकं करपवून उभा राहिला.
सतरा पिवळा पडला, पण पडला नाही.
लोंब्या त्यानेही धरल्या. ताठ.
भरलेली लोंबी वाकते, हे इथे
पोरांनाही ठाऊक.

कापणीला मोजलं.
रात्यात शंभरात बावीस पळंज.
सतरामध्ये एक्याण्णव.
धाकलीबायने मूठभर चोळलं, फुंकर मारली,
हातात उरलं फक्त हाताचं खरबरीतपण.
"वांझ हाय गो या."

"वांझ म्हणू नका."
जरा जास्तच जोरात म्हणाले मी.
तिने माझ्याकडे पाहिलं,
मग विळ्याची धार पाहत बसली.

तिला कसं सांगू
की फुलोऱ्यातच स्लाइड पाहिली होती मी,
आयोडीनच्या थेंबाखाली सतराचे पराग
काळेभोर, टपोरे, पिठाने तट्ट भरलेले,
रात्याच्या परागांशी पैज लावावी असे.
फक्त कोशाची शिवण उसवत नव्हती.
साडेदहा वाजले, अकरा वाजले, तुसं उघडली,
पिवळे कोश वाऱ्यावर डोलले
आणि बंदच राहिले.
उधाणाआधी, गोड्या पाण्याच्या कुंड्यांतसुद्धा.
मिठाने फक्त घाई केली.
आत सगळं होतं, मावशी.
खीळ नव्हती.

हे मी बोलले नाही.
दूर हसुराम नव्या खिळीवर घाव घालत होता,
ओहोटी लागली होती,
आतलं पाणी फळीला टेकून वाट पाहत होतं.

संध्याकाळी नोंदवही.
चाचणीचा पेंढा नियमाप्रमाणे जाळायचा,
सतराच्या पेंढ्या बाजूला काढून ठेवलेल्या.
रकान्याचा मथळा हातानेच लिहावा लागतो:
वंध्य.
घाईत टिंब राहून गेलं होतं.
वाचलं, वध्य.
बाहेर कुणीतरी काडेपेटी शोधत होतं.

पेन्सिलीला टोक केलं.
ध च्या अलीकडे, व च्या नेमकं वर
टिंब दिलं,
कागदाला भोक पडेल इतकं दाबून.